दहा मिनिटांत बासुंदी आणि इतर थापा

दर सणाला कुणी ना कुणी मला "दहा मिनिटांत बासुंदी"ची पाकृ पाठवतंच. सण बदलतात, दहा मिनिटं बदलत नाहीत. एक लिटर दूध, एक डबा कंडेन्स्ड मिल्क, दोन चमचे मिल्क पावडर, वर केशराच्या चार काड्या. काहीजण ब्रेडचा चुरा घालतात. त्यांच्याशी मला बोलायचंच नाहीये.

तर मंडळी, हा पदार्थ गोड आहे, दाट आहे, भूक लागली असेल तर चांगलाही लागतो. पण ती बासुंदी नाही. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये. सवयीप्रमाणे हिशेबच मांडतो.

फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश आणि ९ टक्के बाकीचे घन पदार्थ असतात, म्हणजे शंभरात १५. उरलेलं पाणी. दोन लिटर दूध निम्म्यावर आणलं की हे १५ चे ३० होतात. बासुंदीचा दाटपणा हा एवढाच, पाणी गेल्यामुळे आलेला. टोण्ड दूध घेतलंत तर त्यात ३ आणि साडेआठ, म्हणजे साडेअकराच. तेवढाच दाटपणा हवा असेल तर दोन लिटरचं पाऊण लिटर करावं लागेल. "आमची बासुंदी दाटच होत नाही" म्हणणाऱ्यांनी आधी पिशवीवर काय छापलंय ते वाचावं.

आता डब्याकडे वळू. कंडेन्स्ड मिल्कमध्ये ४० टक्क्यांहून जास्त साखर असते. ४०० ग्रॅमचा डबा ओतलात की १६० ग्रॅमपेक्षा जास्त साखर तुम्हाला न विचारता पातेल्यात गेली. दाट हवी तर गोड घ्यावीच लागेल, दोन्ही एकाच पॅकेजमध्ये! ज्या घरात दोन माणसं डायबेटिसच्या गोळ्या घेतात, तिथे हा निर्णय डबेवाल्या कंपनीने घ्यायचा? दूध आटवलं की ते स्वतःच थोडं गोडसर होतं, मग साखर कमी लागते आणि किती घालायची ते तुमच्या हातात राहतं.

चवीचं तर विचारूच नका. गेल बोर्डेन नावाच्या अमेरिकन माणसाने १८५६ साली या प्रकाराचं पेटंट घेतलं. त्याची युक्ती अशी, की निर्वात भांड्यात दूध कमी तापमानाला आटवायचं, म्हणजे ते शिजल्यासारखं लागत नाही. पुढे तिथल्या यादवी युद्धात सैनिकांना हे डबे गेले. शिध्यासाठी उत्तम शोध, वाद नाही. पण बासुंदीत आपल्याला नेमकी ती शिजल्याची चवच हवी असते! दुधातली साखर आणि प्रथिनं उष्णतेने एकमेकांशी खेळतात, त्यातून तो बदामी रंग आणि खरपूस वास येतो. जी चव येऊ नये म्हणून ज्याने पेटंट घेतलं, त्याच्याच डब्यात आपण ती शोधतोय.

एवढं वाचून काही लोक खूश झाले असतील. "अगदी बरोबर! चुलीवरची, मंद आचेवरची आजीची बासुंदी ती खरी!" थांबा. तुमच्यावर तर माझा जास्त राग आहे.

आमचं घर ब्राह्मणपुरीचं, शहादा तालुका, नंदुरबार जिल्हा. कापसाचा मुलूख. चुलीत पऱ्हाट्या असायच्या. पऱ्हाटी भसकन पेटते आणि भसकन विझते, त्यामुळे "मंद आच" वगैरे तिथे आपोआप काही होत नाही. पित्तरांच्या दिवसांत खीर आणि एखाद्या सणाला बासुंदी असली, की माय एका हाताने जाळ पुढे-मागे सारायची आणि दुसऱ्या हाताने कालथा फिरवायची. डोळ्यांत धूर. बाप्ये ओट्यावर खाटा टाकून बसलेले. वाट्या आल्या की पहिलं वाक्य ठरलेलं, "यंदा जरा पातळ वाटतेय." तीच माणसं (आणि त्यांची शहरात आलेली पोरं) आता आजीच्या हातच्या चवीवर उसासे टाकतात. आजीच्या हाताला काय वाटायचं ते कुणी विचारलं नाही.

म्हणून एखादी बाई ऑफिसातून साडेसातला घरी येऊन डबा उघडत असेल, तर तिला नावं ठेवायचा हक्क आपल्याला नाही. ती दहा मिनिटांची पाकृ तिच्यासाठीच लिहिलीये, कारण शेगडीपाशी दुसरं कुणी येणार नाही हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक आहे. अडचण वेळेची नाहीच. विकांताला आपण तीन तास मॅच बघतो. प्रश्न एवढाच, की कालथा कुणी धरायचा.

गॅसवर तर हे काम काहीच नाही. एक लिटर पाणी उडवायला साधारण शंभर ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे एका सिलिंडरमध्ये शंभराहून जास्त बासुंद्या. वेळ सव्वा ते दीड तास. त्यात मेहनत थोडी, लक्ष जास्त. आपल्या धंद्यात बिल्ड चालू असताना आपण दुसरं काय करतो?

तेव्हा सॉफ्टवेअरवाल्या तमाम दादा लोकांनो, येत्या रविवारी दोन लिटर फुल क्रीम आणा. जाड बुडाची पसरट कढई घ्या, पाणी पसरट भांड्यातून लवकर उडतं. तळाशी एक छोटी बशी उपडी ठेवा, ती खडखडत राहते आणि दूध उतू जायचं प्रमाण कमी होतं. उकळी आली की बशी चिमट्याने काढून आच कमी करा. कडेला जमलेली साय खरवडून परत दुधात ढकला आणि तळ खरवडत राहा. दूध खाली लागलं तर वास सगळ्या कढईला लागतो, मग वेलची-जायफळाचा उपयोग नाही. निम्मं झालं की साखर, शंभर ग्रॅमपासून सुरू करा. साखरेने ती थोडी पातळ होईल, घाबरू नका, आणखी पाच मिनिटं ठेवा. गार झाली की दाट होते. चारोळी शेवटी.

आणि हो, कढई घासणं याच कामात धरलेलं आहे.