बलक फिका, म्हणून अंडे हलके?



परवा महात्मा फुले मंडईतून भाजी घेऊन परतताना आम्ही एका अंडेवाल्यापाशी थांबलो. शेजारी एक बाई गरोदर लेकीसाठी अंडी घेत होती. "साधी नकोत, बलक पांढराफटक निघतो. गावरानच द्या," ती म्हणाली. गावरानचा भाव दुप्पट. डझनाचे पैसे आणले होते, त्यात सहाच आली. लेकीच्या ताटातली सहा अंडी गेली, ती केवळ रंगापायी!

खरे काय ते समजून घेऊ. बलकाचा पिवळा रंग कोंबडी स्वतः तयार करीत नाही. तो तिच्या दाण्यातून, पाल्यातून येतो. पिवळा मका, लसूणघास, मेथी-पालकाची पाने, झेंडूच्या पाकळ्या यांत ल्युटीनसारखी रंगद्रव्ये असतात. तीच बलकात उतरतात. ज्वारी, गहू, तांदळाची कणी यांत ती फारच थोडी. म्हणून त्यांवर पोसलेल्या कोंबडीचा बलक फिका, आणि हिरवे टिपत हिंडणारीचा गडद.

पोल्ट्रीवाले हे जाणतात. खाद्यात झेंडूचा किंवा लाल मिरचीचा अर्क मिसळतात (कोंबडीला मिरची तिखट लागत नाही!). कुठे कृत्रिम रंगही घालतात. दोन-तीन आठवड्यांत बलक केशरी होतो. तेव्हा गडद बलक हा काही गावरानपणाचा दाखला नव्हे. तपकिरी कवचही नव्हे. ते कोंबडीच्या जातीवर असते.

एका मध्यम अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. रंगाने ती वाढत नाहीत की घटत नाहीत. गडद बलकात ल्युटीन जास्त असू शकते, ते डोळ्यांना चांगले; पण ते पालकाच्या जुडीतूनही मिळते.

घरी दोन कोंबड्या असतील, तर भाजी निवडताना उरलेली मेथी-पालकाची पाने धुऊन त्यांना टाका. बलक आपोआप रंगेल. गाजराने मात्र फारसा रंगत नाही. औषध फवारलेली फुले घालू नका.

अंडी घेताना रंग नव्हे, ताजेपणा पाहा. पाण्यात अंडे आडवे बसले तर ताजे, उभे राहिले तर जुने, तरंगले तर टाकून द्या. गरोदर लेकीला पूर्ण उकडूनच द्या. आणि त्याच पैशांत सहाऐवजी बारा येत असतील, तर बाराच घ्या.