पंचाहत्तर वर्षांचा पुरावा

दिवाळी सरताच फलटण-बारामतीच्या माळांवरील धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात जातात. शेतात मेंढ्या बसवून ते जमिनीला खत देतात. मोबदल्यात धान्य वा रोख मिळते. वाटेतील वनात मात्र तेच अपराधी ठरतात! २००६ च्या वनहक्क कायद्याने हंगामी चराईचा हक्क मानला. पण अनुसूचित जमातींबाहेरच्यांकडून तो ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतो. ज्याचे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर, त्याने दप्तर कोठून आणावे? मात्र वृद्धांची लेखी साक्षही पुरावा ठरते आणि भटके हजर असतानाच पडताळणी व्हावी, असे नियमच सांगतात. कार्यकर्त्यांनी वाड्यावाड्यावर जाऊन या साक्षी लिहून घ्याव्यात, ग्रामसभेपुढे ठेवाव्यात. एवढेही न केल्यास दोष एकट्या सरकारचा राहणार नाही.