मे महिन्यात टिकेल तोच वेग खरा

सुट्टी लागली की ग्रुपवर एक स्क्रीनशॉट हमखास येतो. कुणाचा तरी प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या बराच पुढे पळत असतो आणि खाली ‘भारी’, ‘कडक’ अशी रांग लागते. पण तो वेग दोन मिनिटं टिकला की दोन महिने, हे त्या स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही. ओव्हरक्लॉकिंग करू नका, असं आम्ही म्हणणार नाही. जरूर करा, त्यातून मशीन आतून कळतं. फक्त आकड्यापेक्षा टिकावाला जास्त मार्क द्या.

आधी गणित समजून घ्या. प्रोसेसरचा वेग म्हणजे बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ आणि मल्टिप्लायर ४५, म्हणजे वेग ४.५ गिगाहर्ट्झ. मल्टिप्लायर वाढवला की वेग वाढतो. एका मर्यादेनंतर चिप अडखळते, मग तिला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. खरी किंमत इथून सुरू होते. चिपची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के आणि व्होल्टेजही १० टक्के वाढवलं, तर १.१ गुणिले १.२१, म्हणजे विजेचा वापर साधारण ३३ टक्क्यांनी जास्त. ती सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. वेग दहा टक्के, ताप तेहतीस टक्के. हा सौदा डोळे उघडे ठेवून करा.

१९९८ साली हा सौदा खरंच फायद्याचा होता. इंटेलचा स्वस्तातला सेलेरॉन ३००ए अनेक जण ४५० मेगाहर्ट्झवर चालवायचे, म्हणजे दीडपट वेग जवळपास फुकट. आता तसं नाही. आजचे प्रोसेसर बूस्टच्या नावाखाली स्वतःच मर्यादेच्या जवळ पळतात. तुमच्यासाठी थोडीच जागा उरते. २०२३ मध्ये एका प्रोसेसरने ९ गिगाहर्ट्झ ओलांडले खरे, पण द्रवरूप हेलियम ओतून आणि विक्रमाच्या नोंदीपुरते. घरच्या पीसीला रात्रभर रेंडर करायचं असतं आणि सकाळी सबमिशन द्यायचं असतं.

आता हे वळमध्ये ठेवून बघा. डिसेंबरच्या रात्री खोली २५ अंशांवर असते, मेच्या दुपारी पत्र्याखाली ३५ च्या वर जाते. खोली दहा अंशांनी तापली की तेवढ्याच लोडवर प्रोसेसरही साधारण दहा अंशांनी तापतो. थंडीत ८५ वर थांबलेला काटा मेमध्ये ९५ गाठतो. मग चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते आणि मेहनतीने वाढवलेला आकडा तिथेच गळतो. त्यात वळ-दापोड्याच्या गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकची धूळ आणि भिवंडीच्या मागांचा कापसाचा भुगा. हीटसिंकच्या पात्यांत तो बसला की चांगला कूलरही घुसमटतो. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी ब्रश घ्या, पंखे साफ करा, जुनी थर्मल पेस्ट बदला. काही जणांचा निम्मा प्रश्न इथेच सुटेल.

भिवंडीत ज्यांच्या घरी माग आहे त्यांना टिकाव म्हणजे काय हे शिकवायला नको. मागाचा वेग वाढवला की ताणा जास्त तुटतो. माग थांबतो, कारागीर धागा जोडतो, पुन्हा चालू. दिवसाअखेर कापड वाढण्याऐवजी कमीच निघू शकतं. पण त्याहून वाईट म्हणजे माग थांबतच नाही आणि दोष कापडात विणला जातो. तो थेट व्यापाऱ्याच्या टेबलावर दिसतो.

कम्प्युटरचंही तसंच. निळा स्क्रीन आला तर नशीब समजा, निदान मशीनने सांगितलं तरी. अस्थिर प्रोसेसर कधी कधी चूक करून गप्प बसतो. झिप उघडत नाही, कोड विनाकारण कंपाइल होत नाही, प्रोजेक्टची फाइल करप्ट होते. तुम्ही दोष विंडोजला देत बसता.

म्हणून पद्धत पाळा. आधी बॅकअप. मग मूळ सेटिंगवरचं तापमान आणि बेंचमार्क वहीत लिहा. मल्टिप्लायर एका वेळी एकच पायरी वाढवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मदरबोर्डच्या ‘ऑटो’ ओव्हरक्लॉकवर डोळे झाकून विसंबू नका, तो अनेकदा गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देतो. रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू केलं असेल तर तेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, त्यासाठी मेमटेस्ट वेगळी चालवा. प्रोसेसरसाठी प्राइम९५ आहे. मूळचा हा कार्यक्रम प्रचंड मोठ्या अविभाज्य संख्या शोधण्याचा. त्याची टॉर्चर टेस्ट गणितं सोडवते आणि आलेलं उत्तर आधीच माहीत असलेल्या उत्तराशी ताडून पाहते. दहा मिनिटं नव्हे, काही तास चालू द्या, तेही दुपारी. नंतर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईएच्या नोंदी आहेत का बघा. एक जरी दिसली तरी एक पायरी खाली या. मशीन चालूच झालं नाही तर सीमॉस क्लिअर कसं करायचं, हे आधीच वाचून ठेवा.

व्होल्टेज हा खेळ नाही, याचा मोठा धडा २०२४ मध्ये मिळाला. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर मूळ सेटिंगवरसुद्धा क्रॅश होऊ लागले. चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती. कंपनीने ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती दिली, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. पण झिजलेली चिप त्या दुरुस्तीने बरी होत नव्हती. तिथे चूक कंपनीची होती म्हणून वॉरंटी मिळाली. तुम्ही स्वतः व्होल्टेज वाढवून चिप खराब केली, तर इंटेल आणि एएमडी दोघांच्याही वॉरंटीत ते बसत नाही.

आणि तो पीसी तुमच्या एकट्याचा असतो का? बऱ्याच घरांत तो हप्त्यांवर आलेला असतो. त्यावर बाबांची बिलं असतात, ताईची ऑनलाइन परीक्षा असते. तो बंद पडला तर तुमचा प्रयोग फसत नाही, घर अडतं.

म्हणून आमचं सांगणं असं, की आधी उलट दिशेने सुरुवात करा. वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडं थोडं कमी करा, म्हणजेच अंडरव्होल्टिंग. ते वर्गाचं गणित आता तुमच्या बाजूने चालतं. मशीन थंड राहतं, पंखे शांत होतात आणि थंड चिप बूस्टवर जास्त वेळ टिकते. टेस्ट मात्र इथेही तितक्याच कडक घ्या. त्यात हात बसला, मग वेग वाढवा.

पुढच्या वेळी ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकाल तेव्हा गिगाहर्ट्झच्या शेजारी तीन गोष्टी लिहा: खोलीचं तापमान, टेस्ट किती तास चालली आणि किती एरर आल्या. एरर शून्य असेल, तर ‘भारी’ म्हणायला आम्हीही आहोत.