काउंटीच्या ऑफिसला एक फोन करा: न्यू जर्सीतल्या मराठी घरांना विनंती

घराचा प्रॉपर्टी टॅक्स किती, असं विचारलं तर न्यू जर्सीतला कुठलाही मराठी माणूस आकडा तोंडपाठ सांगतो. त्यातले काउंटीला किती जातात, असं विचारलं तर मात्र तो गप्प होतो. यात त्याचा दोष नाही. बिल येतं टाउनशिपकडून, भरलं जातं बऱ्याचदा बँकेच्या एस्क्रो खात्यातून, आणि त्यावरच्या शाळा, गाव आणि काउंटी अशा वेगवेगळ्या ओळी वाचायला कुणाला वेळ नसतो. त्यामुळे काउंटी नावाचं एक अख्खं सरकार आपल्या पैशांवर चालतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

या राज्यात २१ काउंट्या आहेत आणि ५६४ गावं-शहरं. आपली सगळ्यात दाट वस्ती मिडलसेक्स काउंटीत. एडिसन, वुडब्रिज, पिस्कॅटवे, साउथ ब्रन्झविक, प्लेन्सबरो ही सगळी तिच्यात येतात. २०२० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ८ लाख ६० हजारांच्या वर होती. मुख्य कार्यालयं न्यू ब्रन्झविकला. कारभार सात निवडून दिलेले कमिशनर पाहतात. आपल्या बहुतेक घरांना काउंटीची एकच गोष्ट नीट माहीत असते, ती म्हणजे तिची मॅग्नेट शाळा. मुलगा आठवीत गेला की तिची प्रवेश परीक्षा, तिची तारीख, तिची तयारी, सगळं मुखोद्गत. जी चिकाटी आपण तिथे दाखवतो, तिच्या दहाव्या हिश्श्याएवढी जरी घरातल्या आजी-आजोबांसाठी दाखवली, तरी या लेखाचं काम झालं.

सुरुवात त्यांच्यापासूनच करते. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, आणि सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा घरात दोघं म्हातारी माणसं. गाडी चालवता येत नाही. बस स्टॉप दोन मैलांवर. भारतात सकाळी सात वाजता फिरायला जाऊन कट्ट्यावर बसणारे आजोबा इथे खिडकीतून मेल-ट्रकची वाट बघतात. आपण त्यांना टीव्हीवर मराठी चॅनेल लावून देतो, आयपॅड देतो, शनिवारी देवळात नेतो. एवढं केलं की आपल्याला वाटतं, झालं. पण माणसाला माणसं लागतात, आणि तीही रोज.

अमेरिकेत १९६५ मध्ये ज्येष्ठांसाठी एक कायदा झाला, ओल्डर अमेरिकन्स ॲक्ट. त्याच्या पैशांतून न्यू जर्सीतल्या प्रत्येक काउंटीत ज्येष्ठांसाठी एक कार्यालय चालतं. साठी ओलांडलेल्या माणसाला सीनियर सेंटरवर दुपारचं जेवण मिळतं. जोडीदार साठीच्या आतला असला तरी त्यालाही मिळतं. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. जमेल तेवढी देणगी द्या म्हणतात आणि नाही दिली तरी ताट काढून घेत नाहीत. शाकाहारी जेवण आहे का, हे आधी विचारून ठेवा. नसेल तर मागा. मागणारे वाढले की सोय होते, मागितलंच नाही तर कुणाला कळणार? आणि जेवण हे निमित्त आहे. तिथे व्यायामाचा वर्ग असतो, पत्ते असतात, रक्तदाब तपासायला नर्स येते, शेजारच्या खुर्चीवर कुणी गुजराती बा किंवा पोलिश आजी असते.

आमच्या ओळखीच्या एका काकूंना इंग्रजी बोलायचा संकोच होता, म्हणून त्या तयार नव्हत्या. सुनेने पहिले काही दिवस स्वतः नेऊन सोडलं. एका दुपारी काकू बिंगोची पाटी समोर ठेवून बसल्या होत्या, शेजारच्या बाई त्यांना आकडा बोटाने दाखवत होत्या, आणि काकू तो मोठ्याने इंग्रजीत म्हणत होत्या. "फॉर्टी-टू!" म्हणताना त्यांचा आवाज एवढा चढला की टेबलावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुठल्याही औषधाने त्यांना एवढा फरक पडला नव्हता.

"पण न्यायचं कोणी?" हा पुढचा प्रश्न. त्यालाही उत्तर आहे. काउंटीची सीनियर व्हॅन असते. साठीच्या पुढच्यांना आणि दिव्यांगांना ती डॉक्टरकडे, किराण्याला, सेंटरवर नेते-आणते. तिच्या खर्चाला ॲटलांटिक सिटीच्या कॅसिनोंकडून घेतलेल्या कराचा हातभार असतो. १९७६ मध्ये इथल्या मतदारांनी कॅसिनोंना परवानगी दिली तीच मुळी या अटीवर, की त्यांच्यावरच्या कराचा पैसा ज्येष्ठ आणि दिव्यांगांसाठी वापरायचा. व्हॅन दारात हवी तेव्हा येत नाही. नाव नोंदवावं लागतं, काही दिवस आधी फोन करून वेळ ठरवावी लागते. म्हणून ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा नाव आजच घालून ठेवा.

ज्येष्ठांच्या त्याच कार्यालयाला आणखी एका गोष्टीबद्दल विचारा. ती न वापरल्यामुळे आपल्या घरांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. ती म्हणजे मेडिकेअरचा मोफत सल्ला. योजनेचं नाव शिप. सल्ला देणारे प्रशिक्षित स्वयंसेवक असतात आणि ते कुठलाही विमा विकत नाहीत. आपण आई-वडिलांना ग्रीन कार्डवर आणतो. त्यांची पासष्टी उलटलेली असेल आणि इथे सलग पाच वर्षं राहणं झालं असेल, तर ते मेडिकेअर विकत घेऊ शकतात. त्यासाठी नाव नोंदवायची मुदत सात महिन्यांची असते: पात्र होण्याचा महिना, त्याच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन. ती चुकली तर पार्ट बीच्या, म्हणजे डॉक्टरच्या खर्चाच्या भागाच्या, हप्त्यावर दर बारा महिन्यांच्या उशिरामागे १० टक्के दंड बसतो, आणि तो पार्ट बी असेपर्यंत सुटत नाही. ज्यांनी स्वतः किंवा जोडीदाराने इथे नोकरीच केलेली नाही, त्यांना पार्ट एचा, म्हणजे हॉस्पिटलच्या भागाचा, हप्ता महिन्याला ५०० डॉलरच्या वर पडतो. तो घ्यायचा की फक्त बी घ्यायचा, हे प्रत्येक घराचं गणित वेगळं. दर हिवाळ्यात चार-सहा महिने पुण्याला किंवा नागपूरला जाणाऱ्यांनी तर "सलग" कशाला म्हणायचं हे आधीच विचारून घ्यावं. हे प्रश्न व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर विचारू नका. तिथे प्रत्येकजण आपल्या सासऱ्यांना लागू पडलेलं उत्तर देतो.

यावर हमखास एक वाक्य ऐकू येतं: "आपण कशाला सरकारची मदत घ्यायची? ती गरजूंसाठी असते." मला या वाक्यामागचा स्वाभिमान समजतो. आपण कष्टाने इथे आलो, कुणापुढे हात पसरायचा नाही, अशी शिकवण घेऊन आलो. पण सीनियर सेंटरचं जेवण, व्हॅन, शिपचा सल्ला यांत हात पसरण्याचा प्रश्नच येत नाही. ते सगळ्यांसाठी आहे आणि त्यात तुमचाही पैसा आहे. उत्पन्न पाहून मिळणारी मदत, म्हणजे मेडिकेड, फूड स्टँप वगैरे, ही गोष्ट वेगळी. तिथे स्पॉन्सर म्हणून तुम्ही केलेल्या सहीचा प्रश्न येऊ शकतो. तो अर्ज भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. या दोन गोष्टींची गल्लत करून, भीतीपोटी दोन्हींवर पाणी सोडू नका.

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर डबा घरी येतो, हेही विचारून घ्या. आणि त्या माणसाची उस्तवार करणाऱ्या सुनेला किंवा मुलीला थोडी उसंत मिळावी, म्हणूनही १९६५ च्या त्या कायद्याखाली मदत आहे. ती मागताना अपराधी वाटून घेऊ नका. थकलेल्या माणसाच्या हातून सेवा नीट होत नाही.

काही घरांत मुकाट्याने सोसणं चाललेलं असतं. म्हाताऱ्या माणसाचे पैसे, पासपोर्ट, फोन काढून घेतले जातात, किंवा त्याच्यावर हात उगारला जातो. न्यू जर्सीत प्रत्येक काउंटीत अशा प्रौढांच्या संरक्षणासाठी एक विभाग आहे, आणि तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवलं जातं. बायकांवरच्या अत्याचारांसाठी १९८५ पासून या राज्यात "मानवी" ही दक्षिण आशियाई स्त्रियांची संस्था काम करते. शेजारच्या घरात काय चाललंय हे तुम्हाला दिसत असेल, तर "त्यांचा घरगुती मामला" म्हणून पडदा ओढून घेऊ नका.

आता मृत्युपत्राबद्दल. हा विषय काढला की आपल्याकडे लगेच "शुभ बोल रे नाऱ्या" होतं, पण बोलायला हवंच. प्रत्येक काउंटीत सरोगेट नावाचा निवडून आलेला अधिकारी असतो. मृत्युपत्र त्याच्या कार्यालयात सिद्ध करावं लागतं, आणि मृत्यूनंतर पूर्ण दहा दिवस गेल्याशिवाय ते दाखल करून घेत नाहीत. तिथे मूळ प्रत लागते, झेरॉक्स पुढे केली तर प्रकरण अडतं. ती मूळ प्रत भारतातल्या एखाद्या लॉकरमध्ये असेल आणि लॉकरची चावी गेलेल्या माणसाच्याच कपाटात, तर पुढे काय होतं याची कल्पना करा. मृत्युपत्रच नसेल तर मालमत्तेची व्यवस्था कुणी पाहायची हे याच कार्यालयातून ठरतं, आणि वाटणी कायद्याने होते, तुमच्या मनाप्रमाणे नाही. लहान मुलं असलेल्या तरुण जोडप्यांनी तर हे काम पुढे ढकलूच नये. तुमचे सगळे नातेवाईक भारतात आहेत. आईवडील दोघंही एकदम गेले तर मुलं कुणाकडे राहावीत, हे तुम्ही लिहून ठेवलं नाही तर तुमची इच्छा न्यायाधीशाला कळणार कुठून? सरोगेटचे कर्मचारी कागदपत्रं समजावून सांगतात, पण कायदेशीर सल्ला देत नाहीत. त्यासाठी वकील करा.

घराच्या कराकडे परत येते. मिडलसेक्समध्ये फेब्रुवारीच्या सुमाराला टाउनशिपकडून एक पोस्टकार्ड येतं. त्यावर तुमच्या घराची ठरवलेली किंमत असते. जाहिरातींच्या गठ्ठ्याबरोबर ते कचऱ्यात टाकू नका. किंमत जास्त लावली आहे असं वाटलं तर काउंटीच्या टॅक्स बोर्डाकडे अपील करता येतं. मिडलसेक्समध्ये साधारणपणे १ एप्रिलपर्यंत, आणि गावात फेरमूल्यांकन झालं असेल तर १ मेपर्यंत. मॉनमथसारख्या काउंटीत मुदत जानेवारीतच संपते, म्हणून आपापल्या काउंटीची तारीख पाहून घ्या. बोर्डापुढे "कर फार आहे, परवडत नाही" हे चालत नाही. त्यांना फक्त किंमत ठरवायची असते. मागच्या वर्षीच्या १ ऑक्टोबरच्या आसपास तुमच्या भागात तुमच्यासारखी घरं कितीला विकली गेली, अशी तीन-चार उदाहरणं कागदावर मांडून न्या. शेजारच्या घराला कर कमी आहे, एवढा पुरावा पुरत नाही.

बाकीच्या सोयी थोडक्यात. परसात मेथी, कारली, वाल लावणाऱ्यांनी रटगर्स विद्यापीठाच्या एक्स्टेन्शन कार्यालयाला गाठावं. ते दर काउंटीत आहे. मिडलसेक्सचं साउथ ब्रन्झविकमध्ये डेव्हिडसन्स मिल पाँड पार्कात आहे. तिथले मास्टर गार्डनर पानावरचे डाग पाहून रोग सांगतात. थोड्या पैशांत माती तपासून मिळते, आणि जुन्या घराभोवतीच्या मातीत शिसं असू शकतं, म्हणून भाजी लावण्याआधी ती तपासावीच. डास फार झाले तर काउंटीच्या डास निर्मूलन कमिशनला कळवा. १९१२ पासून या राज्यात हे काम काउंट्यांकडे आहे. जुना टीव्ही, कॉम्प्युटर कचऱ्यात टाकायला २०११ पासून बंदी आहे. ते आणि उरलेला रंग, ॲसिड वगैरे काउंटीच्या ठरावीक दिवशी घेतात. ग्रंथालयं मिडलसेक्समध्ये गावागावांची आहेत, शेजारच्या सॉमरसेटमध्ये काउंटीची.

एक गोष्ट मात्र ठळक अक्षरांत लिहावीशी वाटते. मतदार नोंदणी फक्त नागरिकांनी करायची. ड्रायव्हिंग लायसन्सच्या कार्यालयात २०१८ पासून नोंदणी आपोआप होण्याची व्यवस्था आहे. ग्रीन कार्ड किंवा व्हिसावर असणाऱ्यांनी तिथे प्रत्येक प्रश्न वाचून नोंदणीला नकार द्यावा. नकळत झालेली नोंदणीही पुढे नागरिकत्वाच्या आड येऊ शकते, त्याहून वाईटही होऊ शकतं. आणि जे नागरिक झाले आहेत, त्यांनी निवडणुकीच्या २१ दिवस आधी नोंदणी करून काउंटीच्या उमेदवारांनाही मत द्यावं. मतपत्रिकेवर वरची दोन-चार नावं भरून खालची कोरी सोडू नये. कमिशनर आणि सरोगेट हे त्या खालच्या नावांतच असतात.

यातलं काहीच लक्षात राहिलं नाही तर २११ हा आकडा लक्षात ठेवा. दिवसरात्र कधीही फोन करा, कुठली सेवा कुठे मिळेल ते सांगतात. मनाने खचलेल्या माणसासाठी ९८८. जिवावरचं संकट असेल तर ९११. इंग्रजी येत नसेल तर भाषेचं नाव स्पष्ट सांगा, "मराठी, मराठी", आणि फोन ठेवून देऊ नका. दुभाषाला जोडायला थोडा वेळ लागतो. घरातल्या आजींकडून हे एकदा म्हणवून घ्या आणि तिन्ही आकडे मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लावा.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना शेवटची विनंती. गणपतीत आपण शेकडो माणसं एका शाळेच्या हॉलमध्ये जमवतो. काउंटीच्या ज्येष्ठ कार्यालयाला आणि शिपच्या स्वयंसेवकांना आधीच पत्र पाठवा आणि हॉलमध्ये एक टेबल द्या. शेजारी मराठी-इंग्रजी दोन्ही बोलणारा आपला एक मुलगा किंवा मुलगी बसवा. आणि ते टेबल जेवणाच्या रांगेला लागून मांडा, म्हणजे रांगेत उभे असलेले काका-काकू आपोआप विचारतील.