दुर्मिळ, पण कशामुळे?

आमच्या खरेदी-विक्रीच्या पानांवर 'दुर्मिळ' असा शेरा नसलेली जाहिरात आता शोधावी लागते. ब्रिटनमधल्या सुरुवातीच्या पंक बँडच्या सिंगल्सबद्दल तर विचारायलाच नको. बँडचं नाव, लेबल, १९७७ किंवा १९७८ हे साल, रेकॉर्डची अवस्था आणि शेवटी 'अतिदुर्मिळ'. ही रेकॉर्ड बाजारात का दिसत नाही, याबद्दल मात्र अवाक्षर नसतं. ते लिहिलं गेलंच पाहिजे असं आम्हाला वाटतं. या महिन्याचं संपादकीय तेवढ्याच एका मागणीसाठी आहे.

सेक्स पिस्टल्सच्या 'गॉड सेव्ह द क्वीन'ची ए अँड एम लेबलवरची रेकॉर्ड आपल्यापैकी बहुतेकांना निदान ऐकून माहीत असते. मार्च १९७७ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यासमोर करारावर सह्या झाल्या, आठवड्याच्या आत कंपनीने करार मोडला आणि छापून तयार असलेल्या सुमारे २५,००० रेकॉर्ड्स नष्ट करायला लावल्या. त्यातून वाचलेल्या मोजक्या प्रतींना आज हजारो पौंड मिळतात. गाणं मात्र कधीच दुर्मिळ नव्हतं. त्याच वर्षी मे महिन्यात ते व्हर्जिनने काढलं, आणि काही मोठ्या दुकानसाखळ्यांनी ते ठेवायला नकार दिला तरी ते धडाक्याने खपलं. म्हणजे इथली टंचाई कंपनीच्या भीतीतून आलेली आहे.

त्याच वर्षी लंडनमध्ये डेस्परेट बायसिकल्स या बँडने 'स्मोकस्क्रीन' हे सिंगल स्वतःच काढलं. एकूण खर्च १५३ पौंड, प्रती ५००, दोन्ही बाजूंना तीच दोन गाणी. पुढच्या रेकॉर्डच्या पाकिटावर त्यांनी हा सगळा हिशेब छापला आणि वाचणाऱ्यांना 'तुम्हीही काढा' असं आवाहन केलं. अनेकांनी ते मनावर घेतलं. स्क्रिटी पॉलिटीने १९७८ मध्ये 'स्कँक ब्लॉक बोलोन्या'च्या झेरॉक्स केलेल्या पाकिटावर ध्वनिमुद्रण, मास्टरिंग, प्रेसिंग, लेबलांची छपाई अशा एकेका कामाला किती पैसे पडले ते लिहिलं. या रेकॉर्ड्सची टंचाई खिशातल्या पैशांच्या मर्यादेची आहे. लिलावाच्या यादीत ए अँड एमची प्रत आणि 'स्मोकस्क्रीन' एकाच शेऱ्याखाली येतात, तेव्हा एकीकडे कंपनीने घाबरून मालच नष्ट केला आणि दुसरीकडे चार पोरांनी पैसे जमवून माल उभा केला, हा फरकच पुसला जातो. आमच्या लेखी तो फरक हीच या संग्रहातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

कारण शोधायला लागलं की आकडेही बोलू लागतात. साठच्या दशकातल्या खासगी ब्रिटिश रेकॉर्ड्सवर ९९ प्रती हा आकडा वारंवार भेटतो, कारण शंभरच्या आतल्या छपाईवर खरेदी कर लागत नसे. १९७३ मध्ये त्या कराच्या जागी व्हॅट आला आणि तो हिशेब संपला. पंकच्या काळात ५०० आणि १००० हे आकडे येतात ते प्रेसिंग कारखान्याच्या दरामुळे आणि उसन्या पैशांमुळे. बझकॉक्सने 'स्पायरल स्क्रॅच' १९७६ च्या डिसेंबरात मँचेस्टरच्या इंडिगो स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली आणि पुढच्या महिन्यात न्यू हॉर्मोन्स या स्वतःच्या लेबलवर काढली. सुमारे ५०० पौंड उसने घेतले होते, त्यातले अर्धे बँडमधल्या पीट शेलीच्या वडिलांनी दिले. पहिली छपाई १,००० प्रतींची होती आणि मागणी थांबेपर्यंत सुमारे १६,००० प्रती गेल्या. तेव्हा ही रेकॉर्ड मुळात दुर्मिळ नाहीच. तिची पहिली छपाई दुर्मिळ आहे. १९७९ च्या पुनर्मुद्रणात पाकिटावर गायक हॉवर्ड डेव्होटोचं नाव वेगळं घातलं आहे, पहिल्या आवृत्तीत ते नाही. ही नोंद न करता 'स्पायरल स्क्रॅच, दुर्मिळ' एवढंच लिहिणारा विक्रेता खरेदीदाराला अंधारात ठेवतो. मार्टिन हॅनेटने निर्माता म्हणून केलेल्या पहिल्या कामांपैकी हे एक, आणि कोणतं गाणं कितव्या टेकमध्ये झालं, वरून गिटार घातली की नाही, हेसुद्धा त्या पाकिटावर छापलेलं आहे. स्वतःची कृती इतकी उघड करून दाखवणारी रेकॉर्ड गोळा करणाऱ्यांनी तिच्याबद्दलची माहिती दडवू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

कमी परिचित नावांकडे आलं की कारणांची विविधता आणखी वाढते. केंब्रिजमधल्या एका रेकॉर्ड विक्रेत्याने रॉ रेकॉर्ड्स सुरू केलं आणि १९७७ मध्ये द यूझर्सचं 'सिक ऑफ यू' हे त्या लेबलचं पहिलं सिंगल निघालं. लंडनच्या वॉल्थमस्टोमधल्या स्मॉल वंडर या दुकानाच्या लेबलची सुरुवात पंक्चर नावाच्या बँडच्या सिंगलने झाली. विम्बल्डनच्या आउटसायडर्सचा 'कॉलिंग ऑन यूथ' हा संपूर्ण एलपी गायक एड्रियन बोरलँडच्या आईवडिलांच्या पाठिंब्याने निघाला. दुकानदार आणि पालक हे या संगीताचे पहिले प्रकाशक होते, आणि माल दुकानाच्या गिऱ्हाइकांत आणि ओळखीपाळखीत संपला, म्हणून आज प्रती विखुरलेल्या आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टच्या गुड व्हायब्रेशन्स या दुकानाने १९७८ मध्ये रूडीच्या 'बिग टाइम'पासून सुरुवात केली. त्यांची पाकिटं म्हणजे घडी घातलेले कागद होते. अशी कागदी पाकिटं टिकत नाहीत. घड्यांवर फाटतात, हरवतात. रेकॉर्ड मिळते पण पाकीट मिळत नाही, अशा वेळी टंचाई तबकडीची नसून कागदाची असते आणि किंमत सांगताना ते स्पष्ट सांगायला हवं.

काही किमती तर बँडमधल्या एखाद्याच्या पुढच्या आयुष्याने वाढवल्या आहेत. द किलजॉइजचं रॉ रेकॉर्ड्सवरचं सिंगल महाग आहे याला केव्हिन रोलँड पुढे डेक्सिजचा गायक झाला, हे कारण आहेच. ग्लासगोच्या जॉनी अँड द सेल्फ-अब्यूझर्समधून सिंपल माइंड्स निघाला, निपल इरेक्टर्समधून शेन मॅकगोवन पोग्समध्ये गेला. या रेकॉर्ड्स चांगल्याच आहेत. पण ज्यांच्यातलं कुणीही पुढे प्रसिद्ध झालं नाही अशा बँडची तितकीच तडफदार सिंगल्स दहाव्या हिश्शाच्या किमतीत पडून असतात, आणि नव्या संग्राहकाने तिथूनच सुरुवात करावी असा आमचा सल्ला आहे.

जॉय डिव्हिजनच्या 'ॲन आयडियल फॉर लिव्हिंग'बद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण बनावट प्रतींचा सर्वाधिक त्रास तिथे आहे. ओल्डहॅमच्या पेनाइन स्टुडिओत डिसेंबर १९७७ मध्ये, बँडचं नाव अजून वॉर्सा असताना, चार गाणी ध्वनिमुद्रित झाली. जून १९७८ मध्ये सात इंची १,००० प्रती निघाल्या. बारा मिनिटांहून जास्त संगीत एका सात इंची तबकडीवर बसवल्यामुळे खाचा अरुंद झाल्या, आवाज दबला आणि बँड नाराज झाला. म्हणून त्याच वर्षी बारा इंची आवृत्ती आली, तीही थोड्याच प्रतींची. सात इंची प्रत ऐकताना येणारा तो कोंडलेला आवाज हा तिचा दोष आहे आणि तिच्या जन्माचा पुरावाही. नकली प्रती बहुधा छापील पाकिटाचा फोटो घेऊन बनवतात. त्यामुळे चित्रातले बारीक तपशील बुजतात, ठिपक्यांची जाळी दिसते, मधल्या लेबलवरची अक्षरं जाड होतात. भिंग हाताशी ठेवा आणि पैसे देण्याआधी रन-आउटचा स्पष्ट फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नका.

रन-आउट म्हणजे शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंत उरलेली मोकळी पट्टी. तिच्यावर काय कोरलंय हे वाचायला शिकलो की अर्धी लढाई जिंकली. पोर्की या टोपणनावाने जॉर्ज पेकहॅमने कापलेल्या लॅकरवर, म्हणजे साच्यासाठीच्या मूळ तबकडीवर, त्याची सही असते. लिनटोन या कारखान्याकडून गेलेल्या कामांवर 'एलवायएन'ने सुरू होणारा क्रमांक असतो. अनेक छोट्या लेबलांनी पाकिटावर साल छापलंच नाही. तारीख माहीत असलेल्या दोन लिनटोन रेकॉर्ड्सच्या मधला क्रमांक सापडला की त्या तिसऱ्या रेकॉर्डचा काळ बऱ्यापैकी ठरवता येतो. हे काम एकट्याने होत नाही. शंभर संग्राहकांनी आपापल्या कपाटातले क्रमांक लिहून दिले तरच ती साखळी जुळते.

आणि ते काम दुसरं कुणी करणार नाही. ब्रिटनमध्ये छापील पुस्तकाची प्रत ब्रिटिश लायब्ररीला देणं कायद्याने बंधनकारक आहे. ध्वनिमुद्रणाला तो कायदा लागू नाही. तिथला ध्वनिसंग्रह कंपन्यांच्या स्वेच्छेवर आणि देणग्यांवर उभा आहे. ५०० प्रती काढून वर्षभरात फुटलेल्या बँडने तिथे प्रत पाठवली असेल, अशी आशा कशाच्या जोरावर करायची? म्हणून त्या प्रतींचा अभिलेख आपल्या घरांत आहे. आपल्याकडे हे नवीन नाही. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने १९९० पासून ७८ आरपीएमच्या भारतीय रेकॉर्ड्सबद्दल जी माहिती जमवली, ती संग्राहकांनी स्वतःच्या कपाटांतूनच जमवली.

या दृष्टीने पाहिलं तर आपल्या काही सवयी बदलायला हव्यात. पाकिटावरचा दुकानाचा स्टिकर आपण रॉकेल लावून काढतो, लेबलवर कुणी नाव लिहिलं असेल तर प्रतीचा दर्जा एक पायरी खाली आणतो. १९७८ च्या एखाद्या सिंगलवरचा लीड्स किंवा ब्रिस्टलच्या दुकानाचा शिक्का हा ती रेकॉर्ड तिथवर कशी पोचली याचा एकमेव पुरावा असू शकतो. कृपया तो काढू नका. आत निघालेली चिठ्ठी, पोस्टाने मागवल्याची पावती, बँडच्या पत्त्याचा कागद, हे सगळं रेकॉर्डबरोबरच राहू द्या आणि विकताना बरोबरच द्या.

झेरॉक्सची पाकिटं असणाऱ्यांना एक तातडीची सूचना. ती मऊ पीव्हीसीच्या पिशवीत ठेवू नका. पीव्हीसीतल्या द्रव्यामुळे झेरॉक्सची शाई प्लॅस्टिकला चिकटते आणि पिशवी काढताना अक्षरं तिच्याबरोबर निघून येतात. त्याच पिशवीमुळे तबकडीवरही धुरकट थर चढतो. पॉलिप्रॉपिलीनची पिशवी घ्या, रेकॉर्ड पाकिटाबाहेर वेगळ्या कागदी आवरणात ठेवा. मुंबई-कोकणातल्या वाचकांनी जून ते सप्टेंबर महिन्यांत कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढून घ्यावं. जुन्या कागदाला बुरशी फार पटकन धरते.

आता थोडं अवघड. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून 'किल्ड बाय डेथ' आणि नंतर 'ब्लडस्टेन्स' या नावांनी परवानगी न घेता काढलेले संकलनाचे एलपी बाजारात आले. विस्मृतीत गेलेले कितीतरी बँड जगाला या एलपींमुळेच कळले, हे आम्ही मान्य करतो. पण ज्यांनी उसन्या पैशांतून ती गाणी काढली त्यांना यातून एक पेनीही मिळाली नाही, आणि यादीत नाव आल्याबरोबर मूळ सिंगलची किंमत आभाळाला भिडली. ती माणसं आज साठीच्या पुढे आहेत आणि त्यांतले पुष्कळ जण शोधले तर सापडतात. अधिकृत पुनर्मुद्रण उपलब्ध असेल तर ते घ्या, मूळ प्रत असली तरी घ्या. बँडमधलं कुणी भेटलं तर किती प्रती काढल्या, कुठे छापल्या, उरलेल्यांचं काय झालं, हे विचारून लिहून ठेवा. उरलेला माल पावसाच्या पाण्यात गेला, की घर बदलताना फेकला, की जलशाच्या दारात फुकट वाटला, यातलं एकेक उत्तर म्हणजे इतिहास आहे.

आमच्या ब्रिटनमधल्या मराठी वाचकांना वेगळी विनंती. एलियन कल्चर नावाचा बँड तुमच्याच शेजारच्या वस्त्यांमधून आला. लंडनमधल्या पाकिस्तानी कुटुंबांतली तीन मुलं आणि एक गोरा साथीदार. १९७८ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी परक्या संस्कृतीच्या लोकांनी देश बुडून जाण्याची भीती दूरचित्रवाणीवर बोलून दाखवली, त्यावरून त्यांनी हे नाव घेतलं. १९८० मध्ये रॉक अगेन्स्ट रेसिझमच्या लेबलवर 'एशियन यूथ' हे त्यांचं सिंगल निघालं. ते कुणी विकत घेतलं, कुठल्या दुकानात ठेवलं होतं, दक्षिण आशियाई घरांत ते वाजलं का, याची नोंद किमतीच्या मार्गदर्शिकांत मिळणार नाही. तुमच्या मागच्या पिढीकडे विचारा, आणि जे कळेल ते आम्हाला कळवा.

पुढच्या अंकापासून खरेदी-विक्रीच्या पानांचा नियम बदलत आहे. 'दुर्मिळ' लिहिणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत त्यापुढे कारण असायला हवं: छपाई किती, माल कशाने संपला, ही कितवी आवृत्ती, पाकीट मूळ आहे का. कारण माहीत नसेल तर तो शेरा आम्ही छापणार नाही, बाकी जाहिरात छापू. दोन्ही बाजूंच्या रन-आउटवरचा मजकूर जसाच्या तसा द्यावा लागेल, कोरलेला आहे की ठसा मारलेला हेही सांगावं लागेल. स्टिकर, शिक्के आणि हाताने लिहिलेला मजकूर यांसाठी वेगळी ओळ ठेवली आहे. विक्री करायची नसली तरी लिनटोनचे क्रमांक पाठवा. १९७६ ते १९८० या काळातल्या क्रमांकांची यादी दर तीन महिन्यांनी छापत जाऊ, आणि प्रत्येक नोंदीपुढे ती पाठवणाऱ्याने सांगितलेलं कारणही छापू.