आग दिसते, विष दिसत नाही

कारखान्याला आग लागली की दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत मथळे येतात, मंत्री जागेवर जातात, चौकशी समिती नेमली जाते. त्याच कारखान्यात उमेदीची वर्षे घालविलेला एखादा कामगार काम सुटल्यानंतर दहा वर्षांनी रक्ताच्या कर्करोगाने गेला, तर त्याची नोंद घरच्यांच्या शोकापलीकडे कोठेही होत नाही. हे दोन्ही मृत्यू पुष्कळदा एकाच पिंपातून आलेले असतात. बेन्झीन हे अशा पिंपातील सर्वांत कुप्रसिद्ध द्रव्य होय. रबर, रंग, चिकटद्रव्ये आणि चामडे या धंद्यांत विद्रावक म्हणून ते दीर्घकाळ मुक्तहस्ते वापरले गेले. इतर विद्रावकांत आणि पेट्रोलमध्ये ते थोड्याफार प्रमाणात आजही असते.

त्याचा अग्निस्वभाव कारखानदाराला चांगला ठाऊक असतो. शून्याखाली ११ अंश सेल्सियसलाही बेन्झीनची वाफ पेट घेऊ शकते. म्हणजे मुंबईच्या कोणत्याही ऋतूत ते सदैव पेटण्यास सज्ज असते. ही वाफ हवेपेक्षा जवळजवळ पावणेतीनपट जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते, गटारातून वाहते, दूरच्या शेगडीला किंवा स्विचच्या ठिणगीला भिडते आणि ज्वाला मागे पिंपापर्यंत धावत येते. एका भांड्यातून दुसऱ्यात ओततानासुद्धा स्थिर विद्युत साठून ठिणगी पडू शकते; म्हणून दोन्ही भांडी तारेने जोडून जमिनीशी बांधावी लागतात. हे नियम जेथे पाळले जातात तेथे ते कामगाराच्या प्रेमापोटी पाळले जातात असे मानण्याचे कारण नाही. आगीत मालाची राख होते, विमा कंपनी प्रश्न विचारते, उत्पादन थांबते.

विषाची गोष्ट निराळी. हवेत बेन्झीनचे प्रमाण १.२ टक्के, म्हणजे दहा लाख भागांत १२,००० भाग, झाले की ती पेटण्याजोगी होते. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने १९८७ साली आठ तासांच्या पाळीसाठी घालून दिलेली मर्यादा आहे दहा लाखांत एक भाग! आगीच्या भीतीने बसविलेले मापनयंत्र ज्या हवेला निर्धोक म्हणते, त्या हवेत कामगाराच्या अस्थिमज्जेचा नाश खुशाल चालू राहू शकतो. प्रथम रक्तपेशी घटतात, थकवा येतो, हिरड्यांतून रक्त येते, साध्या जखमा भरत नाहीत. काहींच्या बाबतीत पुढे कर्करोग उद्भवतो. वासावर विसंबण्यात अर्थ नाही. गोडसर वास जाणवू लागतो तोवर पुष्कळदा मर्यादा ओलांडलेली असते, आणि नाकाला त्याची सवयही होते. तोंडावर बांधलेला रुमाल धूळ अडवील, वाफ अडविणार नाही.

हे ज्ञान नवे नाही. स्वीडनमधील उप्साला येथे सायकलच्या टायरांच्या कारखान्यात काम करणाऱ्या तरुण मुलींचे बेन्झीनने झालेले मृत्यू सँटेसन यांनी १८९७ साली नोंदविले. इस्तंबूलच्या पादत्राण-कामगारांतील रक्ताच्या कर्करोगाचे २६ रुग्ण डॉ. अक्सोय यांनी १९७४ साली जगापुढे मांडले. त्याआधी, १९४८ मध्येच, अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेलधंद्याच्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात बेन्झीनचे पूर्णतः निर्धोक असे प्रमाण शून्यच असल्याचे मान्य करण्यात आले होते. हीच संस्था पुढे मर्यादा दहावरून एकवर आणण्याच्या सरकारी नियमाविरुद्ध न्यायालयात उभी राहिली, आणि १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्दबातल ठरविला. तोच आकडा पुन्हा यायला सात वर्षे लागली. अज्ञानाचा बहाणा येथे चालण्यासारखा नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७१ साली बेन्झीनसंबंधी स्वतंत्र करार केला. बंदिस्त यंत्रणेबाहेर विद्रावक म्हणून त्याचा वापर नको, डब्यावर नाव व धोक्याची खूण हवी, कामगाराला खर्च न पडता रक्ततपासणी व्हावी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना या कामावर ठेवू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. भारताने हा करार १९९१ साली मान्य केला. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे प्रकरणही घालण्यात आले. पण कायदा कारखान्याच्या फाटकाशी थबकतो. धारावीतील पोटमाळ्यावर सात-आठ जण चामड्याच्या पिशव्या चिकटवीत बसतात, तेथे निरीक्षक फिरकत नाही. त्यांच्या पुढ्यातील सोल्यूशनच्या डब्यात बेन्झीन आहे, टोल्युइन आहे की हेक्झेन, हे त्यांना कोणी सांगत नाही. अशा वेळी कायद्याचे क्षेत्र वाढवावयाचे, की आकुंचित करावयाचे? नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितेने कारखान्याच्या व्याख्येतील किमान संख्या विजेवर चालणाऱ्यांसाठी १० वरून २० आणि इतरांसाठी २० वरून ४० केली. धोकादायक कामासाठी एका कामगाराच्या जागेलाही संहिता लावण्याची तरतूद आहे खरी. परंतु ती सरकारी अधिसूचनेवर अवलंबून ठेवली आहे.

नुकसानभरपाईचेही असेच. बेन्झीनने होणारे आजार १९२३ च्या कायद्याच्या अनुसूचीत व्यावसायिक रोग म्हणून समाविष्ट झाले. परंतु ज्याच्याजवळ हजेरीचा कागद नाही, डब्यावरचे नाव नाही, पूर्वीच्या रक्ततपासणीचा अहवाल नाही, त्याने दहा वर्षांनंतर काय सिद्ध करावे?

या बाबतीत कामगार चळवळीलाही दोष द्यावा लागेल. अनेक ठिकाणी संघटनांनी धोकाभत्ता पदरात पाडून घेतला आणि विषय मिटविला. दुधाचा पेला आणि गुळाचा खडा यांवर तर आपल्याकडे पिढ्या गेल्या. दूध पौष्टिक आहे, ते कामगाराला अवश्य मिळावे. पण ते अस्थिमज्जेतील बेन्झीनवर उतारा नव्हे. भत्ता घेऊन विष कायम ठेवणे हा सौदा मालकाच्याच सोयीचा ठरतो.

द्रव्य बदलणे हाच खरा उपाय. मात्र तोही डोळस हवा. बेन्झीनच्या जागी हेक्झेन आले तेव्हा १९६० च्या दशकात जपानमधील सपाता तयार करणाऱ्या कारागिरांचे हातपाय लुळे पडू लागले, आणि तेही अतिशय ज्वालाग्राही. झाकणाची भांडी, वाफ जमिनीलगत खेचून बाहेर टाकणारा पंखा, हात थिनरने न धुता साबणाने धुण्याची सोय, ही व्यवस्था आग व विष दोहोंना आवरते, आणि छोट्या कारखान्यालाही ती परवडते. कार्यकर्त्यांनी पुढच्या वाटाघाटींत भत्त्याच्या आकड्याआधी तीन गोष्टी मागाव्यात: प्रत्येक डब्यावर मराठीत व हिंदीत द्रव्याचे नाव, कामावर घेताना आणि नंतर ठरावीक मुदतीने रक्तपेशींची गणना, आणि त्या अहवालाची प्रत दवाखान्याच्या कपाटात नव्हे, कामगाराच्या हातात.