ट्रम्पेट ऐकू येतो, नाव कुठंय?

‘अलबेला’ची गाणी लागली की लग्नाच्या हॉलमध्ये आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांचे खांदे हलायला लागतात. सिनेमा १९५१चा, स्टेप्स भगवानदादांच्या, संगीत सी. रामचंद्र म्हणजे आपल्या रामचंद्र चितळकरांचं. एवढं तुम्हाला माहीत असेलच. आता पुन्हा बघाल तेव्हा भगवानदादांवरून नजर जरा बाजूला काढा. याच सिनेमात एक ट्रम्पेटवाला आपल्या बँडसकट पडद्यावर येऊन जातो. त्याचं नाव चिक चॉकलेट.

खरं नाव अँतोनिओ झेवियर वाझ. जन्म १९१६चा, गोव्यातल्या हळदोण्याचा. पोर्तुगीज राजवटीत चर्चच्या शाळांमधून गावची पोरं पाश्चात्य नोटेशन वाचायला शिकत. कला हातात होती, पण गावात पोट भरत नव्हतं. मग कित्येकांनी मुंबई गाठली. तिथे तीसच्या दशकात लिऑन ॲबीसारखे कृष्णवर्णीय अमेरिकी कलाकार ‘ताज’मध्ये जॅझ वाजवत होते. त्यांचं ऐकत, त्यांच्यासोबत वाजवत गोव्याचे वादक तयार झाले. चिकनं पुढे स्वतःचा बँड काढला आणि ‘ताज’ गाजवलं. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

रात्री हॉटेल, दिवसा स्टुडिओ असं या मंडळींचं आयुष्य. १९४९च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतल्या रात्रींची रया गेली आणि सिनेमाचं काम आणखी महत्त्वाचं झालं. चिकनं रामचंद्रांना साथ दिली. हिंदी गाण्यात स्विंग आला, त्यात या साथीचा वाटा मोठा आहे.

‘साथ’ म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्या. संगीतकार चाल गुणगुणतो. ती कागदावर उतरवायची, ट्रम्पेट कुठे, सॅक्सोफोन कुठे, दोन कडव्यांमध्ये काय वाजेल हे ठरवायचं आणि वादकांकडून बसवून घ्यायचं, हे अरेंजरचं काम. आपण जे गाणं ‘ऐकतो’, त्यातला अर्धा जीव तिथे असतो. पण सिनेमाच्या श्रेयनामावलीत ही नावं क्वचितच यायची. आलीच तर ‘सहायक’ म्हणून.

कुणी म्हणेल, चाल तर संगीतकाराचीच ना? आहेच. रामचंद्रांचं मोठेपण त्यानं तसूभरही कमी होत नाही. चिकला निदान पडद्यावर चेहरा तरी मिळाला. त्याच्या मागे बसून वाजवणाऱ्या शेकडो जणांना तोही नाही मिळाला. चिक १९६७मध्ये गेला, जेमतेम पन्नाशीत. त्याचा ट्रम्पेट मात्र आजही वरातीत वाजतोय, आणि नाचणाऱ्यांना तो कुणाचा हे ठाऊक नाही.

ही जुन्या काळचीच गोष्ट आहे असं समजू नका. तुमच्या एकांकिकेला पार्श्वसंगीत देणारा, रीलचं एडिटिंग रात्रभर जागून करणारी, फेस्टच्या बँडमध्ये कोपऱ्यात बेस वाजवणारा, यांचं नाव पोस्टरवर असतं का? की ‘आपलाच मित्र आहे, चालतंय’ म्हणून सोडून देता?

तेव्हा रेकॉर्डवर जागा कमी होती, असं कुणी म्हणू शकेल. तुमच्या कॅप्शनमध्ये जागाच जागा आहे. एक ओळ लिहायला पैसे पडत नाहीत. पुढची पोस्ट टाकण्याआधी ती लिहा. नावानिशी.